कार्यालयासाठी मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर कसे निवडावे

कार्यालयातील फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप एका ठिकाणाहून सांभाळणारे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले, की बहुतेक ठिकाणी पहिले काम सुरू होते ते तुलनेच्या तक्त्याचे. पाच-सहा उत्पादनांची नावे आडवी, शंभरेक वैशिष्ट्ये उभी मांडली जातात आणि ज्याच्या रकान्यात सर्वाधिक बरोबरच्या खुणा, त्याच्याकडे कल झुकतो. मला ही सुरुवातच चुकीची वाटते आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. आयफोनवर बाहेरून काय करता येईल हे ॲपल ठरवते, अँड्रॉइडवर गूगल आणि विंडोजवर मायक्रोसॉफ्ट. सॅमसंगचे नॉक्स यांसारखी निर्मात्याने दिलेली जास्तीची सोय वगळली, तर असे मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट (एमडीएम) सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सगळ्या कंपन्या त्याच मोजक्या दारांतून आत जातात. त्यामुळे पासकोड सक्तीचा करणे, ॲप पाठवणे, कॅमेरा बंद करणे, हरवलेला फोन लॉक करणे ही कामे जवळजवळ प्रत्येक उत्पादनात सापडतात. खरा फरक असतो तो आज्ञा उपकरणापर्यंत किती भरवशाने पोहोचते, नोंदणी किती सहज होते आणि कन्सोलसमोर, म्हणजे सर्व उपकरणे सांभाळण्याच्या पडद्यासमोर, रोज बसणाऱ्या माणसाचा किती वेळ जातो यात; आणि तक्त्यात नेमके हेच दिसत नाही.

म्हणून विचार उपकरणाच्या आयुष्यातील दोन दिवसांपासून सुरू करावा. एक, ते कर्मचाऱ्याच्या हातात पहिल्यांदा पडते तो दिवस. आणि दुसरा, ते हरवते किंवा कर्मचारी नोकरी सोडून जातो तो दिवस. या दोन दिवशी काय घडायला हवे हे स्पष्ट लिहून काढले, की यादीतील अर्धी नावे आपोआप गळतात.

उपकरण कोणाचे आहे

सर्वप्रथम एक साधी यादी तयार करावी. किती उपकरणे आहेत, कोणत्या प्रणालीवर आणि तिच्या कोणत्या आवृत्तीवर चालतात, पैसे कोणी दिले आणि खरेदी कोणाकडून झाली. यातील शेवटचे दोन रकाने भरण्याचा अनेकांना कंटाळा येतो, परंतु पुढचे बहुतेक निर्णय त्यांच्यावरच अवलंबून असतात.

उपकरण कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मालकीचे असेल, तर संस्थेचा अधिकार फक्त कामाच्या डेटापुरता असायला हवा आणि सुदैवाने दोन्ही प्रमुख मोबाइल प्रणालींनी तशी सोय केलेली आहे. अँड्रॉइडमध्ये ५.० आवृत्तीपासून वर्क प्रोफाइल आहे. कामाची ॲप वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यांच्या चिन्हावर लहानशी ब्रीफकेस दिसते आणि संस्थेला पुसता येतो तो एवढाच कप्पा. ॲपलने २०१९ मध्ये आयओएस १३ सोबत यूझर एनरोलमेंट आणले. त्यात कामाचा डेटा फोनच्या स्टोरेजमधील स्वतंत्र, वेगळ्या किल्लीने कूटबद्ध केलेल्या भागात राहतो. प्रशासकाला फोनचा सीरियल क्रमांक किंवा आयएमईआय हा ओळखक्रमांक दिसत नाही, खाजगी ॲपची यादी दिसत नाही आणि संपूर्ण फोन पुसण्याची आज्ञा देताच येत नाही. एखादा विक्रेता खाजगी फोनवरही सर्व काही नियंत्रणात ठेवण्याचे आश्वासन देत असेल, तर तो हे मार्ग सोडून संपूर्ण उपकरणाची नोंदणी करून घेत आहे असे समजावे आणि ते कर्मचाऱ्यांना मान्य होईल का, याचा विचार खरेदीपूर्वीच करावा.

खाजगी फोनवर फक्त ईमेल आणि एखाद-दुसरे ॲप हवे असेल, तर कदाचित नोंदणीचीही गरज नसते. ॲपपुरते नियंत्रण ठेवण्याची पद्धत अनेक उत्पादनांत असते. तिच्यात कामाच्या ॲपला वेगळा पिन लावता येतो, त्यातील मजकूर खाजगी ॲपमध्ये चिकटवण्यास मनाई करता येते आणि वेळ आली तर तेवढ्याच ॲपमधील डेटा काढून टाकता येतो. लहान कार्यालयाने हा पर्याय आधी तपासावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण कर्मचाऱ्याच्या खाजगी फोनमध्ये जितका कमी हस्तक्षेप, तितके नंतरचे वाद कमी.

संस्थेच्या मालकीच्या उपकरणांचे पुन्हा तीन प्रकार पडतात. फक्त कामासाठी दिलेला फोन, काम आणि खाजगी वापर दोन्हींसाठी दिलेला फोन, आणि कोणा एकाच्या नावावर नसलेले, एकाच कामाला जुंपलेले उपकरण. उदाहरणार्थ गोदामातील स्कॅनर किंवा स्वागतकक्षातील टॅबलेट. अँड्रॉइडमध्ये या तिन्हींसाठी वेगवेगळ्या पद्धती आहेत आणि एका पद्धतीतून दुसरीत जायचे तर बहुधा फॅक्टरी रीसेट करावे लागते. ॲपलच्या बाबतीत संस्थेचा आयफोन किंवा आयपॅड सुपरव्हाइज्ड, म्हणजे संस्थेला जास्तीचे अधिकार देणाऱ्या स्थितीत, आहे की नाही, यावर सगळे अवलंबून असते. वापरणाऱ्याला न विचारता ॲप बसवणे, उपकरण एकाच ॲपवर बांधून ठेवणे, प्रणालीचे अपडेट ९० दिवसांपर्यंत पुढे ढकलणे ही कामे सुपरव्हिजनशिवाय होत नाहीत.

येथे एक धोक्याची खूण नमूद करणे आवश्यक आहे. अँड्रॉइडवर २०१० पासून डिव्हाइस ॲडमिन नावाची जुनी व्यवस्था होती. गूगलने अँड्रॉइड ९ मध्ये ती कालबाह्य ठरवली आणि अँड्रॉइड १० पासून पासकोड व कॅमेऱ्यासंबंधीची तिची महत्त्वाची नियंत्रणे काढून घेतली. आजही काही स्वस्त उत्पादने ‘आमचे ॲप बसवा आणि त्याला डिव्हाइस ॲडमिनची परवानगी द्या’ एवढ्यावरच चालतात. प्रात्यक्षिकात ही पायरी दिसली, तर अँड्रॉइड एंटरप्राइझच्या, म्हणजे वर्क प्रोफाइलसारख्या गूगलच्या नव्या पद्धतींना आधार आहे का असे थेट विचारावे आणि उत्तर गोलमोल आले तर ते नाव यादीतून काढून टाकावे.

पहिला दिवस

उपकरणाची नोंदणी हाताने करता येते आणि आपोआपही होऊ शकते. दहा फोन असतील तर हाताने करणे चालून जाते. शंभर असतील तर नाही. आपोआप नोंदणीत फोन खोक्यातून काढून इंटरनेटला जोडला, की तो स्वतःच संस्थेच्या सर्व्हरकडे जातो आणि वापरणाऱ्याने फॅक्टरी रीसेट केले तरी पुन्हा तिथेच येतो. ॲपलसाठी ही सोय ॲपल बिझनेस मॅनेजरमधून, अँड्रॉइडसाठी झीरो-टच नोंदणीतून, सॅमसंगसाठी नॉक्स मोबाइल एनरोलमेंटमधून आणि विंडोजसाठी ऑटोपायलटमधून मिळते. एमडीएम उत्पादन यांपैकी आपल्याला लागणाऱ्या सोयींशी जोडले जाते का, हे तपासणे सोपे आहे. अवघड भाग वेगळाच आहे.

हा अवघड भाग खरेदीचा आहे. झीरो-टचच्या यादीत उपकरण घालण्याचा अधिकार फक्त अधिकृत पुनर्विक्रेत्याला असतो आणि ॲपलची उपकरणेही थेट ॲपलकडून किंवा संस्थेच्या खात्याशी जोडलेल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतली, तरच ती आपोआप खात्यात येतात. इतर कुठून घेतलेला आयफोन ॲपल कॉन्फिगरेटर या ॲपलच्याच ॲपच्या साहाय्याने नंतर जोडता येतो, परंतु मग पहिले ३० दिवस वापरणाऱ्याला स्वतः व्यवस्थापनातून बाहेर पडण्याची मुभा राहते. थोडक्यात, सॉफ्टवेअर कितीही चांगले असले, तरी फोन चुकीच्या ठिकाणाहून घेतलेले असतील तर पहिल्या दिवसाची सोय हातची जाते. म्हणून एमडीएमच्या विक्रेत्याशी बोलण्याआधी फोनच्या विक्रेत्याशी बोलावे आणि तो उपकरणे या खात्यांत घालून देतो का, याचे लेखी उत्तर घ्यावे. लॅपटॉपच्या बाबतीत विंडोजची आवृत्तीही पाहावी. होम आवृत्तीवर ऑटोपायलट चालत नाही, त्यासाठी प्रो किंवा त्यावरील आवृत्ती लागते.

आधीच वापरात असलेल्या उपकरणांचा प्रश्न सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. अँड्रॉइड फोन संपूर्णपणे व्यवस्थापित करायचा असेल, तर तो रीसेट केल्यावरच करता येतो. स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप केले, की क्यूआर कोड वाचण्याचा पडदा उघडतो आणि तिथून नोंदणी सुरू होते. कृती दोन मिनिटांची आहे, परंतु तिच्याआधी फोनमधील छायाचित्रे, संपर्क आणि संवाद सुरक्षित ठेवणे आणि नंतर ते परत आणणे यात प्रत्येक माणसाचे काही तास जातात. हे तास खर्चाच्या अंदाजात धरलेले मला क्वचितच दिसतात. शक्य असेल तिथे जुने फोन बदलण्याची वेळ येईपर्यंत वर्क प्रोफाइलवर ठेवावेत आणि नवीन फोन मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण व्यवस्थापनाखाली आणावेत. हा मार्ग हळू आहे, पण त्यात कोणाचे काही गमावले जात नाही.

दुसरा दिवस

फोन हरवल्यावर दुरून पुसता येईल, या एका कारणासाठी अनेक संस्था एमडीएम घेतात. या अपेक्षेची मर्यादा आधीच समजून घ्यावी. पुसण्याची आज्ञा उपकरणापर्यंत इंटरनेटवरूनच जाते. फोन बंद असेल, किंवा सिम काढून टाकले असेल आणि वायफायही नसेल, तर आज्ञा सर्व्हरवर वाट पाहत राहते. त्यामुळे हरवलेल्या फोनमधील डेटाचे खरे रक्षण पासकोड आणि एन्क्रिप्शन करतात. दुरून पुसणे हा त्यांच्यावरचा जास्तीचा थर आहे. सॉफ्टवेअर निवडताना ‘पुसता येते का’ याऐवजी ‘पासकोड नसलेले किंवा नियमांत न बसणारे उपकरण किती लवकर लक्षात येते आणि त्याचा ईमेल आपोआप बंद होतो का’ हा प्रश्न विचारावा.

पुसण्याचेही दोन प्रकार असतात. एकात फक्त कामाचा डेटा जातो, दुसऱ्यात संपूर्ण उपकरण कोरे होते. कन्सोलवर ही दोन बटणे एकमेकांना चिकटून असतील आणि पुष्टीचा प्रश्नही सारखाच असेल, तर घाईच्या क्षणी चूक होणारच. चाचणीच्या काळात हा पडदा मुद्दाम उघडून, शक्यतो तांत्रिक पार्श्वभूमी नसलेल्या सहकाऱ्यासमोर ठेवून पाहावा आणि कोणते बटण काय करील असे त्याला विचारावे. आयटीतील माणूस रजेवर असताना हे काम दुसऱ्या कोणावर तरी येतेच.

कर्मचारी नोकरी सोडताना होणारी अडचण निराळी असते. संस्थेच्या आयफोनवर त्याने स्वतःचे ॲपल खाते जोडून फाइंड माय ही फोन शोधण्याची सोय चालू ठेवली असेल, तर ॲक्टिव्हेशन लॉकमुळे रीसेटनंतरही फोन त्याच्याच पासवर्डवर अडकतो. सुपरव्हाइज्ड उपकरणासाठी एमडीएमला हे कुलूप उघडणारा बायपास कोड मिळू शकतो. प्रश्न एवढाच, की उत्पादन तो कोड साठवून ठेवते का आणि उपकरण यादीतून काढल्यावरही तो कोड सापडतो का. अँड्रॉइडवर रीसेटनंतर फोन ज्या खात्याने उघडायचा, ते संस्थेचे खाते आधीच नेमून ठेवता येते. या दोन गोष्टी आधी न केल्यामुळे परत आलेले, पण उपयोगाचे न राहिलेले फोन कपाटात पडून राहतात.

कन्सोलची स्वतःची सुरक्षितता

ज्या एका पडद्यावरून संस्थेची सर्व उपकरणे पुसता येतात, तो पडदा दुसऱ्याच्या हाती गेला तर काय होईल? हा प्रश्न कल्पनेतला नाही. जुलै २०२३ मध्ये नॉर्वेच्या १२ मंत्रालयांनी वापरलेल्या व्यवस्थेत इव्हान्टी या कंपनीच्या मोबाइल व्यवस्थापन सर्व्हरमधील, तोवर अज्ञात असलेल्या त्रुटीतून शिरकाव झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये मोबाइल गार्डियन या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये अनधिकृत प्रवेश झाला आणि सिंगापूरमधील २६ माध्यमिक शाळांच्या सुमारे १३,००० विद्यार्थ्यांच्या उपकरणांतील डेटा दुरून पुसला गेला. पहिल्या घटनेत सर्व्हर संस्थेच्या ताब्यातील होता, दुसऱ्यात सेवा क्लाउडवरची होती. तेव्हा ‘क्लाउड सुरक्षित की स्वतःचा सर्व्हर’ या वादाला ठराविक उत्तर नाही. स्वतःचा सर्व्हर ठेवला, तर सुरक्षा अपडेट आल्या दिवशीच बसवण्याइतके मनुष्यबळ हवे; ते नसेल तर क्लाउड बरा, पण मग विक्रेत्याची काटेकोर चौकशी हवी.

चौकशीत काय पाहावे? प्रशासकांना दुपदरी ओळखपडताळणी सक्तीची करता येते का. भूमिका वेगळ्या करता येतात का, म्हणजे मदतकक्षातील माणसाला पासकोड बदलता यावा पण काही पुसता येऊ नये. एकाच वेळी अनेक उपकरणे पुसण्यावर मर्यादा किंवा दुसऱ्या प्रशासकाची संमती लावता येते का. माझ्या दृष्टीने हा सर्वांत मोलाचा मुद्दा आहे आणि विक्रेते तो क्वचितच स्वतःहून सांगतात. कोणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली याची नोंद किती महिने राहते आणि ती बाहेर काढता येते का. शिवाय विक्रेत्याने आजवर आपल्या त्रुटी कशा जाहीर केल्या हेही पाहावे. सर्व त्रुटी स्वतःहून, तपशिलासह प्रसिद्ध करणारी कंपनी काहीच न सांगणाऱ्या कंपनीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने मे २०२३ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेली ८००-१२४ क्रमांकाची मार्गदर्शिका विनामूल्य उपलब्ध आहे. प्रश्नावली तयार करताना ती जवळ ठेवावी.

नावे, खर्च आणि बाहेर पडण्याची वाट

बाजारातील उत्पादने आपापल्या उगमाची छाप घेऊन येतात. जॅम्फचा मुख्य भर ॲपलवर आहे. सोटीची ओळख गोदामे आणि कार्यालयाबाहेरच्या कामांतील दणकट उपकरणांसाठी आहे. मॅनेजइंजिन, हेक्सनोड आणि स्केलफ्यूजन मिश्र उपकरणे सांभाळणाऱ्या लहान-मध्यम संस्थांमध्ये दिसतात. मायक्रोसॉफ्टचे इन्ट्यून मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस प्रीमियम आणि ई३ परवान्यांत समाविष्ट असते. तेव्हा नवीन काही विकत घेण्याआधी ते आपल्याकडे आधीच आहे का, हे पाहावे. ज्याचे पैसे आधीच भरले जात आहेत ते सर्वोत्तम असेलच असे नाही, परंतु इतर उत्पादनांनी त्याच्यापेक्षा किती अधिक द्यायला हवे हे त्यावरून ठरते.

परवाना उपकरणामागे आहे की माणसामागे, हा हिशेब यादी हाती आली की लगेच मांडता येतो. प्रत्येकाकडे फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप असेल तर माणसामागचा दर परवडतो. पाळीत काम करणारे तिघे एकच स्कॅनर वापरत असतील तर उपकरणामागचा.

या क्षेत्रात कंपन्यांची मालकी वारंवार बदलते. एअरवॉच २०१४ मध्ये व्हीएमवेअरकडे गेले, व्हीएमवेअर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे आणि २०२४ मध्ये तोच विभाग ऑम्निसा या नावाने वेगळा झाला. मोबाइलआयर्न २०२० मध्ये इव्हान्टीत विलीन झाले. आज घेतलेले उत्पादन पाच वर्षांनी त्याच दरात आणि त्याच मदतीसह मिळेल असे गृहीत धरू नये, आणि म्हणून बाहेर पडण्याची वाट आत शिरतानाच पाहून ठेवावी. पूर्णपणे व्यवस्थापित अँड्रॉइड उपकरण दुसऱ्या उत्पादनाकडे न्यायचे तर साधारणपणे फॅक्टरी रीसेटच करावे लागते. ॲपलने २०२५ च्या २६ क्रमांकाच्या आवृत्त्यांपासून (जसे आयओएस २६) ॲपल बिझनेस मॅनेजरमधील उपकरणे न पुसता एका सेवेतून दुसरीत नेण्याची सोय दिली आहे; जुन्या आवृत्त्यांवर ती नाही.

ॲपल उपकरणांबाबत आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी नीट करावी. एमडीएम आणि उपकरण यांच्यातील संपर्क ॲपलच्या पुश सेवेच्या प्रमाणपत्रावर चालतो. त्याचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते आणि ते ज्या ॲपल खात्यातून काढले त्याच खात्यातून करावे लागते. दुसऱ्या खात्यातून नवे प्रमाणपत्र काढले, तर सर्व उपकरणांची नोंदणी पुन्हा करावी लागते. म्हणून हे खाते कधीही एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावावर ठेवू नये. विभागाच्या सामायिक ईमेलवर ठेवावे, त्याचा पासवर्ड दोन जबाबदार व्यक्तींना माहीत असावा आणि मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण दोघांच्याही कॅलेंडरमध्ये असावी. मुदत संपण्याआधी उत्पादन स्वतः इशारा देते का, हेही निवडीच्या वेळी विचारावे.

चाचणी

शेवटी दोन, फार तर तीन उत्पादने उरावीत आणि त्यांची चाचणी खऱ्या उपकरणांवर, खऱ्या माणसांच्या हातात व्हावी. दहा-पंधरा उपकरणे पुरतात, पण त्यांत कार्यालयातील सर्वांत जुना फोन आणि सर्वांत स्वस्त फोन असलाच पाहिजे. काही निर्माते बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतील ॲप इतक्या कठोरपणे बंद करतात, की व्यवस्थापनाच्या आज्ञा उशिरा पोहोचतात किंवा नोंदी शिळ्या होतात. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात हे कधीच दिसत नाही, कारण त्यांच्या हातातला फोन नवा आणि निवडक असतो. गूगलची अँड्रॉइड एंटरप्राइझ रेकमेंडेड ही उपकरणांची यादी पुढील खरेदीसाठी उपयोगी पडते. हातात असलेल्या फोनसाठी मात्र चाचणीला पर्याय नाही.

तीन-चार आठवड्यांत रोजची कामे करून पाहावीत. नवा फोन खोक्यातून काढून तो कामाला लागेपर्यंत किती मिनिटे लागली ते मोजावे. वायफायचा पासवर्ड बदलून तो सर्वांपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो ते पाहावे. एक फोन आठवडाभर बंद ठेवून, चालू केल्यावर तो किती वेळात नियमांना धरून येतो हे नोंदवावे. कन्सोलवर ‘सर्व ठीक’ अशी हिरवी खूण दिसते तेव्हा ती माहिती किती तासांपूर्वीची आहे हे शोधावे. ही एक नोंद उत्पादनाबद्दल बरेच काही सांगते. मदतकक्षाकडे एक खरा, थोडा किचकट प्रश्न पाठवावा आणि पहिले समजूतदार उत्तर येईपर्यंतचा वेळ लिहून ठेवावा. खरेदीनंतर ही मदत यापेक्षा चांगली होणार नाही.

चाचणीत भाग घेणाऱ्यांना संस्थेला काय दिसते आणि काय दिसत नाही हे एका पानावर लिहून द्यावे. शक्य असेल तर प्रत्येकाला त्याच्याच उपकरणाची कन्सोलवरील नोंद दाखवावी. स्थान दिसत असेल तर ते कोणत्या परिस्थितीत पाहिले जाईल आणि पाहण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्या पानावर असलेच पाहिजे. लोक या वेळी जे प्रश्न विचारतात, ते बहुधा पुढे संपूर्ण कार्यालय विचारणार असते. त्यांची उत्तरे उत्पादनाच्या सेटिंगमध्ये सापडत नसतील, तर करारावर सही करण्यापूर्वी विक्रेत्याकडून ती लेखी घ्यावीत. त्याच पत्रव्यवहारात करार संपल्यावर उपकरणे किती दिवस कन्सोलला जोडलेली राहतील आणि नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हेही ठरवून घ्यावे.